विश्लेषण : मोटरहोमचे शौचालय बदलणे सोपे, पण मैला रिकामा कुठे करणार?

करोना साथीनंतर हॉटेलऐवजी स्वतःचे अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकघर सोबत घेऊन फिरण्याची हौस वाढली. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीचे आतून घर करून देणारे व्यावसायिक मोठ्या शहरांत मिळू लागले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्याच वर्षी केरळनेही आणले. या गाड्यांत पलंग, फ्रिज, सौर पॅनेल यांवर भरपूर विचार होतो. शौचालय मात्र उरलेल्या कोपऱ्यात बसवले जाते आणि अनेकदा दोन-चार सहलींनंतर तेच बदलण्याची वेळ येते. नवे कोणते घ्यावे, याची चर्चा मग भांड्याच्या रंगापासून फ्लशच्या बटणापर्यंत रंगते. मूळ प्रश्न भांड्याच्या खाली असतो, तिथपर्यंत ती क्वचितच पोहोचते.

शौचालय बदलायची वेळ का येते?

बहुतेक वेळा कारण वास हेच असते. गाडीतील शौचालयात घरासारखा पाण्याचा वळणदार सापळा नसतो. भांडे आणि टाकी यांच्यामध्ये एक सरकती झडप आणि तिच्याभोवती रबरी कडे असते. हे रबर कोरडे पडले, चिरले किंवा त्यात कण अडकला की टाकीतील वायू थेट झोपायच्या जागेत येतो. दुसरे कारण गळती. चालत्या गाडीत प्रत्येक जोड हादरे खातो. तिसरे कारण टाकी लहान पडणे, आणि भारतात हेच सर्वाधिक महत्त्वाचे आहे. त्याविषयी पुढे.

वास येतो म्हणून पूर्ण शौचालय उपटायची गरज नसते, हे येथेच सांगायला हवे. रबरी कडे स्वतंत्र मिळते. थेटफर्डसारखी कंपनी तर नवी कॅसेट आणि बसायची सीट असा संचच विकते, म्हणजे जुन्या बैठकीत नवा आत्मा. रबराला पेट्रोलियम जेली चोपडण्याची चूक मात्र अनेक जण करतात. त्याने रबर फुगते आणि खराब होते. त्यासाठी सिलिकॉनचे वंगण वापरावे लागते.

गाडीतील शौचालये किती प्रकारची?

युरोपात रूढ असलेला प्रकार म्हणजे कॅसेट. बैठकीखाली साधारण १७ ते २० लिटरची बंद टाकी असते. गाडीच्या बाहेरून छोटे दार उघडून ती सुटकेससारखी ओढून काढायची, नेऊन रिकामी करायची, धुऊन परत बसवायची. अमेरिकेत गाड्या मोठ्या, त्यामुळे तेथे गाडीच्या तळाशी कायमची मैल्याची टाकी असते आणि भांडे थेट तिच्यावर बसते. पायाने पेडल दाबले की झडप उघडते व सारे खाली पडते. टाकी भरली की जाड नळी जोडून ती ठरावीक ठिकाणी रिकामी केली जाते. या प्रकारात एक गमतीशीर पण घाण चूक नवख्यांकडून होते. टाकीची बाहेरची झडप उघडी ठेवून दिली, की पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग भांड्याखाली साठत साठत त्याचा सुळका तयार होतो. तो मग कोणत्याही फ्लशने हलत नाही.

मैला दळून पंपाने ढकलणारे विजेवरचे शौचालय हा तिसरा प्रकार. टाकी भांड्यापासून दूर असेल तर त्याचा उपयोग होतो. चौथा प्रकार कोरड्या शौचालयाचा. त्यात लघवी पुढच्या भागातून वेगळ्या बाटलीत जाते आणि घट्ट मैला मागच्या डब्यात पडतो. स्वीडनची सेपरेट, अमेरिकेतील नेचर्स हेड ही यातील जुनी नावे. कॅसेट काढून त्या जागी असे शौचालय बसवण्याचा कल युरोपातील मोटरहोमवाल्यांत दिसतो.

प्रत्यक्ष बदल कसा होतो?

तळाच्या टाकीवरचे भांडे बदलणे सगळ्यात सोपे. पाणी बंद करायचे, टाकी रिकामी करून धुवायची, पाण्याची जोडणी सोडवायची आणि फरशीवरच्या कड्याचे दोन बोल्ट काढायचे. जुने भांडे उचलले की खालचे रबरी सील दिसते. ते पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. काही देशांत घरगुती कमोडखाली मेणाचे कडे वापरतात, पण गाडीत ते चालत नाही. हादऱ्यांनी आणि उन्हाने ते आकार सोडते. नवे भांडे घेण्यापूर्वी दोन मापे घ्यावी लागतात : फरशीवरील नळाच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर आणि बैठकीची उंची. गाडीत चाकावरचा उंचवटा अनेकदा नेमका शौचालयातच येतो, त्यामुळे उंच आणि बुटके अशी दोन्ही प्रकारची भांडी बाजारात असतात. प्लास्टिकचे भांडे हलके, पण त्यावर डाग धरतात. चिनी मातीचे स्वच्छ राहते, पण वजन वाढवते.

कॅसेट बदलणे तितके सरळ नाही. तिच्यासाठी गाडीच्या बाहेरील पत्र्यात दार कापलेले असते आणि प्रत्येक नमुन्याचे माप वेगळे. नमुना बदलला की दारही बदलावे लागू शकते. भारतात येथे कायदाही आडवा येऊ शकतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. आतले भांडे बदलणे वेगळे आणि पत्रा कापणे, खाली ८० लिटरची टाकी टांगणे वेगळे. भरलेल्या ८० लिटर टाकीचे वजन ८० किलोंहून अधिक, म्हणजे एक माणूस जास्त. असे काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे स्वस्त पडते.

कोणताही प्रकार असो, बसवून झाल्यावर स्वच्छ पाणी भरून गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवावी आणि मगच भोवतीची प्लायवूड बंद करावी. हे अर्ध्या तासाचे काम टाळल्याने फरशीखाली कुजलेली लाकडे पुढे वर्षभराने कळतात.

भारतीय सवयीत परदेशी हिशेब का चुकतो?

युरोपातील कॅसेट कागद वापरणाऱ्यांसाठी बनली आहे. ढोबळ हिशेब असा : प्रौढ माणसाची दिवसाची लघवी साधारण दीड लिटर. सहा वेळा पाव-पाव लिटर फ्लश म्हणजे आणखी दीड लिटर. शौचाच्या वेळचे अर्धा लिटर धरले तर माणशी साडेतीन लिटर. दोघांचे सात. म्हणजे १८ लिटरची कॅसेट अडीच दिवस पुरते, आणि युरोपातील जोडप्यांचा अनुभवही साधारण तसाच असतो.

आता त्याच गाडीत आई, वडील, मुलगा आणि मुलगी असे चौघे पाण्याने धुणारे बसवले तर? साडेतीन गुणिले चार म्हणजे १४ लिटर. शौचानंतर माणशी एक लिटर धरले तरी १८. दोघींनी प्रत्येक लघवीनंतर पाव लिटर पाणी घेतले की आणखी तीन. एका दिवसात २१ लिटर. कॅसेट दिवस मावळायच्या आत भरते. जेट स्प्रे लावला असेल तर हिशेबच उरत नाही. टाकी भरल्याचा लाल दिवा रात्री दोन वाजता लागतो, तेव्हा गाडी बहुधा एखाद्या धरणाच्या काठी उभी असते आणि सगळ्यांच्या नजरा बाहेरच्या अंधाराकडे वळतात. ज्या सोयीसाठी, विशेषतः घरातील महिलांच्या सोयीसाठी, लाखो रुपये मोजले ती नेमक्या वेळी दगा देते.

पाणी सोडा आणि कागद वापरा, हा सल्ला देणे सोपे. तो कोणी पाळत नाही आणि पाळावाच असेही नाही. मुद्दा असा की भारतीय कुटुंबासाठी शौचालय निवडताना पाण्याला टाकीत जागा द्यायची की ते वेगळे काढायचे, हे आधी ठरवावे लागते. विक्रेते परदेशी माहितीपत्रकातले ‘तीन दिवस’ तसेच वाचून दाखवतात.

हवामानाचाही भाग आहे. उन्हाळ्यात बंद टाकीत वायू लवकर धरतो. घाट चढताना बाहेरचा हवेचा दाब घटतो आणि कोकणातल्या उकाड्यात बंद केलेल्या कॅसेटची झडप महाबळेश्वरला पोहोचून उघडली, तर आत कोंडलेली हवा शिंतोड्यांसह वर येऊ शकते. झडप हळू उघडावी आणि त्या क्षणी वाकून पाहू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मग कोरडे शौचालय हा उपाय आहे का?

कागदावर तो सर्वांत चांगला दिसतो. पाणी नाही, रसायन नाही, आणि लघवी वेगळी राहिल्याने वासही कमी. डब्यात तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, घालतात. ते आपल्याकडे रोपवाटिकेत सहज मिळते.

अडचण पुन्हा पाण्याचीच. धुण्याचे पाणी घट्ट मैल्याच्या डब्यात गेले की कोरडेपणा संपतो आणि सगळा डाव फसतो. कोकणातील पावसाळी दमट हवेत तर मैला सुकायलाच तयार नसतो. यावर उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. केरळ व तमिळनाडूत बांधलेल्या इकोसॅन शौचालयांत मैला, लघवी आणि धुण्याचे पाणी या तिन्हींसाठी तीन वेगळ्या वाटा ठेवलेल्या असतात. माणूस थोडा मागे सरकून तिसऱ्या भांड्यावर धुतो. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील मुसिरी हे गाव या शौचालयांसाठी ओळखले जाते. हीच तिसरी वाट गाडीच्या बैठकीत बसवणे अवघड काम नाही. परदेशी भांडे आणून विकणाऱ्यांनी त्यात हा एक बदल केला, तर भारतीय मोटरहोमची निम्मी तक्रार मिटेल. अर्थात ते पाणी भांडी घासलेल्या पाण्यासारखे समजून रस्त्याकडेला सोडता येणार नाही. त्यात मैल्याचे जंतू असतातच. त्याला वेगळी छोटी टाकी हवी.

‘कंपोस्टिंग टॉयलेट’ या नावाने मात्र फसू नये. आठवडाभराच्या सहलीत खत होत नाही. जंतू मरण्याइतकी उष्णता किंवा महिनोन्महिन्यांचा काळ त्याला लागतो. डब्यातून निघतो तो कोरडा मैलाच. तो झाडाखाली ओतला की निसर्गाला परत दिला, ही स्वतःची समजूत झाली.

रेल्वेसारखे जैव शौचालय गाडीत का नको?

हा प्रश्न अनेकांना पडतो. रुळांवर थेट मैला टाकणारी जुनी शौचालये काढून रेल्वेने संरक्षण संशोधन व विकास संस्थेसोबत विकसित केलेली अडीच लाखांहून अधिक जैव शौचालये डब्यांना बसवली. चालत्या वाहनातील शौचालये बदलण्याचे एवढे मोठे काम क्वचितच झाले असेल, आणि त्याची गरजही निर्विवाद होती. पण डब्याखालील टाकीत जिवाणूंनी मैल्याचे विघटन केले तरी उरलेले पाणी बाहेर पडतेच. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात तुंबणे आणि दुर्गंधी या तक्रारी नोंदवलेल्या आहेत. रेल्वेकडे देखभालीचे यार्ड आणि कर्मचारी आहेत. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी आणि बाकी वेळ सोसायटीच्या आवारात उन्हात तापणारी मोटरहोम जिवाणूंना नियमित खाद्यही देऊ शकत नाही.

मैला रिकामा करायचा कुठे आणि करतो कोण?

फ्रान्समधील गावोगावी मोटरहोमसाठी राखीव थांबे असतात. तेथे पिण्याचे पाणी भरायची तोटी एकीकडे आणि कॅसेट ओतायची जाळी दुसरीकडे, अशी सोय असते. अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर आणि काही राज्यांत महामार्गावरच्या विश्रांतीस्थळीही टाक्या रिकाम्या करता येतात. तेथील लोक शौचालयाचा प्रकार निश्चिंतपणे निवडू शकतात, कारण पुढची साखळी तयार आहे.

आपल्याकडे ती साखळी हॉटेलच्या मागच्या चेंबरपाशी, पेट्रोल पंपावरच्या शौचालयापाशी किंवा ओढ्यापाशी संपते. पेट्रोल पंपावर १८ लिटर मैला एकदम ओतला तर ते शौचालय तुंबू शकते आणि ते साफ करणारा वेगळाच असतो. निळ्या रसायनाचा त्रास आणखी निराळा. त्यातील काही रसायनांत फॉर्माल्डिहाइड असते. ते वास दाबते कारण जिवाणू मारते, आणि तेच एखाद्या रिसॉर्टच्या सेप्टिक टँकमध्ये गेले की तेथील जिवाणूंनाही मारते. जर्मनीत अशा द्रावणांना ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणस्नेही मानांकन दिले जाते. भारतात निदान विकत घेताना बाटलीवरचा मजकूर वाचून विकरांवर आधारित द्रावण निवडता येते.

तळाच्या मोठ्या टाकीचे काय? मैला उपसणारे टँकर बहुतेक शहरांत मिळतात, पण त्यांची क्षमता हजारो लिटरची असते. ८० लिटरसाठी तो बोलावणे परवडत नाही. म्हणून अमेरिकी पद्धतीची मोठी टाकी भारतात आज तरी चुकीची निवड आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. भरलेली कॅसेट निदान हाताने उचलून योग्य ठिकाणी नेता येते.

उचलतो कोण, हा अवघड भाग आहे. परदेशात मोटरहोमचा मालक स्वतःची कॅसेट स्वतः ओढत नेतो, शेजाऱ्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणत रांगेत उभा राहतो. आपल्याकडे भाड्याच्या कॅराव्हॅन अनेकदा चालकासह येतात आणि ते काम न सांगता त्याच्याकडे जाते. तोही मग रिसॉर्टच्या सफाई कामगाराच्या हातावर शंभराची नोट ठेवतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला व्हॅनिटी व्हॅन १९९० च्या दशकापासून परिचित आहे. ती आणण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लों यांना दिले जाते. पण व्हॅनिटी व्हॅन शहराच्या आसपासच फिरते, तिचा तळ ठरलेला असतो. डोंगरात आणि किनाऱ्यावर जाणाऱ्या गाडीचे तसे नाही.

हाताने मैला साफ करणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनेस प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा आहे. त्यातील व्याख्येत रेल्वे रुळांवरील मैल्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. कॅराव्हॅनची कॅसेट त्यात बसते की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. परंतु हातमोजे न देता, कामाच्या स्वरूपात न लिहिता, पंधराशे रुपयांच्या दिवसभत्त्यात चालकाला प्रवाशांचा मैला वाहायला लावणे हे त्या कायद्याच्या हेतूशी जुळत नाही, हे समजायला वकील लागत नाही. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी कॅसेट कोण रिकामी करणार हे करारात लिहावे. प्रवाशानेच ती करावी, असा नियम ठेवला तर निम्मे प्रवासी भडकतील. उरलेल्या निम्म्यांना फ्लशचे पाणी आपोआप कमी लागेल.

धोरणाने काय करता येईल?

बंदी घालणे सोपे असते. गोव्याने २०२२ मध्ये किनाऱ्यांवर उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या पर्यटकांवर दंडाचा बडगा उगारला, आणि अस्वच्छता पाहता तो समजण्याजोगाही होता. मैल्याबाबत उद्या असाच दंड आला तर मोटरहोमवाल्याने तो कुठे न्यायचा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहील. दंडाआधी जागा हवी.

महाराष्ट्रात ती जागा काही ठिकाणी तयारही आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपालिकांनी घरोघरच्या सेप्टिक टाक्या दर तीन वर्षांनी ठरवून उपसण्याची पद्धत सुरू केली आणि तो मैला प्रक्रिया करायला स्वतःचे प्रकल्प उभारले. दोन्हींची क्षमता रोज सुमारे ७० हजार लिटर. म्हणजे जवळपास ३,९०० कॅसेटइतकी. नकाशा पाहिला तर वाई पाचगणी-महाबळेश्वरच्या पायथ्याशी आहे आणि सिन्नर नाशिक-पुणे मार्गावर, शिर्डीच्या वाटेवर. पर्यटकांच्या गाड्या या दोन गावांवरून जातातच.

अशा प्रकल्पांच्या फाटकाशी एक सिमेंटची उतरण, झाकण असलेली जाळी, कॅसेट विसळायला तोटी आणि हात धुवायला साबण, एवढीच सोय लागते. पिण्याच्या पाण्याची तोटी तिच्यापासून लांब हवी. पन्नास-शंभर रुपये शुल्क घेतले तरी कोणी कुरकुरणार नाही. फक्त रसायनाचा प्रश्न राहतो. फॉर्माल्डिहाइड वापरणाऱ्या गाड्यांना प्रवेश नाही, असा फलक लावावा लागेल. कॅराव्हॅन पार्कला परवानगी देतानाही वीज आणि पाण्याबरोबर ही जाळी अनिवार्य करता येईल. वाईसारखी सोय कोणत्या मार्गावर कुठे आहे, याची साधी यादी पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर टाकायला तर निविदाही लागत नाही.

तोवर काय निवडावे?

चौघांचे कुटुंब असेल तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन कॅसेट घ्याव्यात. एक वापरात, एक रिकामी. बैठकीत जेट स्प्रे बसवू नये, मापाचा तांब्या ठेवावा. दिवसा वाटेत मिळेल ते चांगले शौचालय वापरावे आणि गाडीतले रात्रीसाठी राखावे. दोघेच फिरणार असतील आणि पाणी वेगळे काढण्याची शिस्त असेल, तर कोरडे शौचालय चालेल. मुक्काम ठरवतानाच त्या ठिकाणच्या मालकाला फोन करून दोन प्रश्न विचारावेत : तुमच्याकडे सेप्टिक टँक आहे का, आणि त्यात आमची कॅसेट आम्ही स्वतः ओतली तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा बहुतेक वेळा थोडा थांबतो, मग पैशांचे विचारतो. ते द्यावेत, पण हातमोजे आपलेच घालावेत.